रा. रा. खंड एफ यांस अनावृत पत्र

रा. रा. खंड एफ,
कलम ६, पोटकलम २,
पासपोर्ट कायदा, १९६७,
मुक्काम पोस्ट : भारताचे राजपत्र,
यांस



आपली माझी ओळख अलीकडची. त्याआधी मी आपल्याला ओळखत नव्हतो हे माझे नशीब, आणि आपण मला ओळखून होता ही आपली कर्तव्यदक्षता. मी मूळचा माणचा. माण म्हटले की लोकांना साताऱ्याचा दुष्काळी तालुका आठवतो. ते माण वेगळे. आमचे माण मुळशीतले, हिंजवडीला लागून. पुणेकर त्याला 'फेज थ्री' म्हणतात, आणि त्या फेज थ्रीत रोज येणाऱ्या हजारो माणसांना आपण माणच्या शिवारात बसून काम करतो याचा पत्ताही नसतो. मी त्या शिवारातून निघून युरोपातल्या एका शहरात नोकरीला आलो. पासपोर्टची दहा वर्षे भरत आली, म्हणून रिन्यू करायला अर्ज टाकला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर, दोन्ही कान दिसतील असा फोटो काढला. फी भरली. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी कागद मोजून घेतले, हसून पावतीही दिली. पुढे उत्तर आले ते एका ओळीचे : अर्ज नामंजूर. आणि त्या ओळीच्या शेवटी, कंसात, आपण विराजमान.

पहिल्यांदा आपली भाषा वाचली तेव्हा खरेच कौतुक वाटले. सरकारी कायद्यात इतके आटोपशीर कोणी लिहीत नाही. अर्जदाराने केल्याचा आरोप असलेल्या गुन्ह्याबद्दल भारतातल्या फौजदारी न्यायालयात कार्यवाही प्रलंबित असली, की पासपोर्ट द्यायचा नाही. संपले. गुन्हा केवढा, केव्हाचा, कोणी नोंदवला, अर्जदार त्या वेळी होता कुठे आणि आता आहे कुठे, असल्या फालतू चौकशीत आपण पडत नाही. खून असो वा खुंटा उपटणे असो, आपल्या दरबारी समान न्याय. राज्यघटनेच्या चौदाव्या कलमाला जे पुरते जमले नाही ते आपण एका वाक्यात करून दाखवले.

तेव्हा माझा गुन्हा आपल्या कानावर घालतो. आपण तो विचारला नव्हता, तरी ऐका.

आमच्याकडे जमीन नुसती जमीन होती तोवर भाऊबंदकी वीतभर बांधावर चालायची. बैल बांधून, शिव्या देऊन, एखाद्या लग्नाला न जाऊन भागायचे. मग राजीव गांधी इन्फोटेक पार्क आले, एमआयडीसीचे शिक्के पडत गेले, फेज वाढत गेले, आणि त्या वीतभर बांधाला स्क्वेअर फुटाचा भाव आला. संपादनातून उरलेल्या एका तुकड्यावर चुलत घराण्याने पत्र्याचे कंपाऊंड मारले. आमच्या घरच्यांनी ते एका सकाळी काढले. जेसीबी कोणी आणला यावर दोन्ही घरांत आजही एकमत नाही. फिर्याद झाली. आरोपींची नावे सांगा म्हटल्यावर फिर्यादीने सातबारा पुढे केला आणि कब्जेदाराच्या रकान्यात जी जी नावे होती ती सगळी आरोपी म्हणून उतरली. आजोबांचे नाव तेवढे सुटले, कारण ते गेल्यावर वारस नोंद वेळेवर झाली होती. त्यांच्या जागी माझे लागले होते, म्हणून मी अडकलो. बेकायदा जमाव, दंगा, अतिक्रमण, नुकसान, शिवीगाळ, धमकी : भारतीय दंड संहितेची १४३, १४७, ४४७, ४२७, ५०४, ५०६ ही कलमे एकदम लागली. त्या सकाळी मी माणमध्ये दंगा करत होतो असे दोषारोपपत्र म्हणते. मी परदेशात होतो असे माझ्या पासपोर्टवरचे शिक्के म्हणतात. म्हणजे माझ्या बाजूचा एकमेव बोलका साक्षीदार तो पासपोर्ट, आणि आपण नेमका त्यालाच वारस नाकारला.

चुलतभावाला फोन केला. तो म्हणाला, "आरं, सगळ्यांचीच नावं टाकली हुती. तुझं एकट्याचं गाळलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं." त्याच्या या आपुलकीवर मला बोलता येईना. आमचे आता बरे चालले आहे. दोन्ही घरांनी मिळून तो तुकडा बिल्डरला दिला. वादाचा बांध एका टॉवरच्या पार्किंगखाली गेला. फिर्यादी आणि आरोपी एकाच पंगतीत जेवतात. खटला मात्र आहे तिथेच आहे. तो मिटवू म्हटले, तर अतिक्रमण, शिवीगाळ आणि धमकी या बाबी फिर्यादीला आपसात मिटवता येतात, पण बेकायदा जमाव आणि दंगा या गोष्टी फिर्यादीच्या नसून समाजाच्या, त्यामुळे त्या मिटत नाहीत. त्यासाठी उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झाले, पण त्यात पुणे जिल्हा नाही. आम्ही मुंबईलाच जायचे. आणि तिथेही तारीख लागेपर्यंत मी प्रलंबितच.

आता आपल्या घरच्यांविषयी. कलम ६ पोटकलम २ हे तसे मोठे खटले. ए हे नागरिकत्व बघतात. बी, सी, डी ही मंडळी देशाचे सार्वभौमत्व, सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री अशा थोर कामांत असतात, त्यांच्याविषयी मी ब्र काढणार नाही. जी वॉरंट आणि समन्स सांभाळतात. एच यांचे काम मजेदार आहे : सरकारने स्वखर्चाने मायदेशी आणलेल्या माणसाने तो खर्च परत केला की नाही हे ते पाहतात. आय म्हणजे लोकहित. त्यांच्या पोटात काय मावेल ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. पण मला खरे बोलायचे आहे ते आपले थोरले बंधू ई यांच्याबद्दल.

ई यांच्याकडे दोषी ठरलेले लोक असतात. म्हणजे ज्यांचा गुन्हा सिद्ध झाला, शिक्षा झाली, असे. आणि तरीही काय मनाचा मोठेपणा! अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत शिक्षा झालेली असली पाहिजे, गुन्हा नैतिक अधःपतनाचा असला पाहिजे, आणि शिक्षा किमान दोन वर्षांची असली पाहिजे. या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ई नाही म्हणतात. नाहीतर या, बसा, पासपोर्ट घ्या. आता माझे बघा. अतिक्रमणाच्या ४४७ कलमाला जास्तीत जास्त तीन महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड, किंवा दोन्ही. मी उद्या कोर्टात उभा राहून "होय महाराज, मी सहस्रार्जुनासारखे हजार हात करून युरोपातून माणचे पत्रे उपटले" असे कबूल केले, आणि दंड भरून बाहेर पडलो, तर ई मला अडवणार नाहीत. आणि खटला संपल्यामुळे आपल्यालाही माझ्यावर हक्क सांगता येणार नाही. म्हणजे मी गुन्हेगार ठरलो तर पासपोर्ट मिळतो. मी निर्दोष आहे असे म्हणत राहिलो तर मिळत नाही. आमच्या वकिलांनी हे मला पहिल्याच फोनवर सांगितले. "कबूल करून टाका, साहेब. किरकोळ दंड होईल, मोकळे व्हाल." मी म्हटले, पण मी तिथे नव्हतो. ते म्हणाले, "त्याचा इथे काय संबंध?"

एवढे एक वाक्य आपल्या चरणी वाहून पत्र संपवले असते तरी चालले असते. पण मला आपल्या जन्माची हकीकत अलीकडेच समजली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एफसाहेब, आपण नागरिकांच्या रक्षणासाठी जन्मलात हे आपल्याला कोणी सांगितले आहे का? १९६७ पूर्वी भारतातून बाहेर जाण्यासाठी पासपोर्ट लागत होता, पण तो कोणाला द्यायचा नि कोणाला नाही हे ठरवणारा कायदाच नव्हता. पासपोर्ट म्हणजे सरकारची मेहेरबानी. सरकारच्या मनाला आले तर दिला, नाही आले तर परत मागितला. सत्वंतसिंग साहनी नावाच्या एका व्यापाऱ्याला पासपोर्ट कार्यालयाने असेच १९६६ साली सांगितले की पासपोर्ट आणून द्या. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १० एप्रिल १९६७ रोजी सरन्यायाधीश के. सुब्बा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला : परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि कायदा केल्याशिवाय सरकारला तो अडवता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने त्याआधीच एका प्रकरणात तसाच कौल दिला होता. सरकारने घाईघाईने मे महिन्यात वटहुकूम काढला आणि २४ जून १९६७ रोजी पासपोर्ट कायदा आला. मेहेरबानी जाऊन नियम आला. त्या नियमाचे आपण एक अपत्य. बारशाला लोकांनी पेढे वाटले असतील.

दहा वर्षांनी आपल्याच कायद्यातल्या कलम १० ने मनेका गांधींना गाठले. जुलै १९७७, आणीबाणी उठून जनता सरकार आलेले. सात दिवसांत पासपोर्ट जमा करा असे पत्र आले. कारण विचारले तर लोकहितार्थ ते सांगता येत नाही असे उत्तर. २५ जानेवारी १९७८ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. त्या पीठावर खेड तालुक्यातल्या कन्हेरसरच्या घराण्यातले यशवंत विष्णू चंद्रचूडही होते. माणसाचे स्वातंत्र्य काढून घेणारी पद्धत न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे, हे तत्त्व देशात तिथून रुजले. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा निकाल तोंडपाठ असतो. मनेका गांधींचा पासपोर्ट मात्र त्या निकालानंतरही न्यायालयाच्या रजिस्ट्रारकडेच राहिला. तत्त्व जिंकले, पासपोर्ट कपाटात. आपल्या खानदानाची ही जुनी रीत दिसते.

आता आपल्याविषयी जे सर्वांत बहारदार आहे ते. सरकारलाही एकदा आपली दया आली. म्हणजे आपल्यामुळे अडलेल्यांची. २५ ऑगस्ट १९९३ रोजी अधिसूचना निघाली, क्रमांक ५७०. ज्याच्यावर खटला प्रलंबित आहे त्याने संबंधित न्यायालयाचा परवानगीचा हुकूम आणला तर त्याला आपल्यातून सूट. न्यायालयाने मुदत सांगितली असेल तर तेवढ्या मुदतीचा पासपोर्ट, नसेल सांगितली तर एका वर्षाचा. वर नागरिकाने लेखी हमी द्यायची की बोलावले की हजर होईन. वाचून मी सुटलो असे वाटले. मग पुन्हा वाचले. परवानगी कशाची? भारतातून बाहेर जाण्याची. मी बाहेरच आहे! बाहेर असलेल्या माणसाने बाहेर जाण्याची परवानगी मागायची. वकिलांनी तसा अर्ज टाकला. न्यायालयाने रीतसर विचारले, आरोपी कुठे आहे? परदेशात. मग जाण्याची परवानगी कसली? त्यात न्यायालयाची चूक काढता येणार नाही. १९९३ साली ज्यांनी हे लिहिले त्यांच्या डोळ्यांसमोर मुंबईच्या विमानतळावर बॅग घेऊन उभा असलेला माणूस होता. परदेशात दहा-दहा वर्षे राहणारी, तिथे कर भरणारी, मुलांना तिथल्या शाळेत घालणारी माणसे त्यांच्या हिशेबात नव्हती. आज आमच्या एकट्या शिवारात अशी घरे किती आहेत विचारा. जमीन गेली, पैसा आला, पोरे इंजिनियर झाली, आणि ज्या कंपन्यांना जमीन गेली त्याच कंपन्यांनी पोरांना बाहेर पाठवले.

बरे, अर्ज नव्याने करायचा तर वकीलपत्र हवे, घरातल्या कोणाच्या तरी नावे मुखत्यारपत्र हवे. मुखत्यारपत्र परदेशातून करायचे तर ते आपल्या देशाच्या कचेरीत साक्षांकित व्हायला हवे. साक्षांकनाला काय लागते? वैध पासपोर्टची प्रत. मी तो कागद खिडकीतून आत सरकवला तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी तारीख पाहिली आणि फार सौजन्याने सांगितले, "सर, हा एक्स्पायर झालाय. आधी रिन्यू करून घ्या." मी हसलो तर तेही हसले. त्यांनी पुढे एक पर्याय सुचवला : इमर्जन्सी सर्टिफिकेट. एकदाच भारतात येण्याचा कागद. येता येते, परतता येत नाही. इकडचा राहण्याचा परवाना पासपोर्टच्या नंबराशी बांधलेला, नोकरी परवान्याशी बांधलेली, घरभाडे नोकरीशी. मी तो कागद घेऊन आलो तर खटल्याच्या पहिल्या तारखेलाच बेकार आरोपी म्हणून उभा राहीन.

मला एक गोष्ट आपणच समजावून सांगा. आपला हेतू काय? जे निकाल वाचले त्यांत एकच सापडतो : आरोपी न्यायालयाच्या हाताबाहेर जाऊ नये. उत्तम हेतू. देशात बसलेल्या माणसाच्या बाबतीत तो कळतो. पण परदेशातल्या माणसाला आपण पासपोर्ट नाकारला की काय होते पाहा. पासपोर्ट नाही म्हणून मी कोर्टात येऊन परत जाऊ शकत नाही. येऊ शकत नाही म्हणून खटला पुढे सरकत नाही. सरकत नाही म्हणून प्रलंबित. प्रलंबित म्हणून पासपोर्ट नाही. आरोपीला हजर ठेवण्यासाठी जन्मलात आपण, पण आरोपीच्या गैरहजेरीची पक्की व्यवस्था आपल्याइतकी कोणी केली नसेल.

आणि ज्यांना खरोखर हाताबाहेर जायचे असते ते कधी जातात तेही आपल्याला ठाऊक आहे. विजय मल्ल्या मार्च २०१६ मध्ये गेले, त्यांचा पासपोर्ट रद्द झाला तो पुढच्या महिन्यात. नीरव मोदी जानेवारी २०१८ मध्ये गेले, रद्द झाला फेब्रुवारीत. त्यानंतरही ते त्या रद्द पासपोर्टवर देशोदेशी फिरले हे तपास यंत्रणेनेच सांगितले. मेहुल चोक्सींनी २०१७ सालीच अँटिग्वाचे नागरिकत्व घेऊन ठेवले होते. ललित मोदींचा पासपोर्ट मुंबईच्या कार्यालयाने २०११ मध्ये रद्द केला, ते लंडनमध्ये होते; २०१४ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो परत दिला. या मंडळींशी माझी तुलना व्हावी असा माझा आग्रह नाही, ऐपतही नाही. माझ्या वाट्याच्या बांधाच्या पैशात अँटिग्वाचे नागरिकत्व येत नाही, मी चौकशी केली.

आपल्या तावडीत सापडतात ते वेगळेच लोक. मेधा पाटकर घ्या. आंदोलनात जमावबंदी, अडथळा असले खटले पडतच असतात. २०१९ मध्ये मुंबईच्या पासपोर्ट कार्यालयाने त्यांना मध्य प्रदेशातल्या नऊ प्रकरणांबद्दल नोटीस काढली. डिसेंबरात त्यांनी पासपोर्ट जमा केला. आमच्या मुळशीलाही खटल्यांची परंपरा जुनी. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह झाला, सेनापती बापटांनी त्यापायी तुरुंग पाहिला. हेच बापट त्याआधी शिष्यवृत्तीवर एडिंबरोला शिकायला गेले होते, १९०४ साली. तेव्हा पासपोर्ट लागत नसे. ती सक्ती पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत आली आणि १९२० च्या कायद्याने पक्की झाली. आपण त्या काळी असता तर बापटांना मुळशी सत्याग्रहानंतर पौडच्या पलीकडे जायलाही कोर्टाचा हुकूम लागला असता.

आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतला क्रांतिकारक, ब्रिटिशांना हवा असलेला माणूस, मेक्सिकोत जाऊन शेतीशास्त्रज्ञ झाला, मक्याच्या नव्या वाणांवर काम केले. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी घरी यायची परवानगी मागितली तर स्वतंत्र भारताने आधी ती नाकारली, कारण ब्रिटिशांच्या काळ्या यादीत नाव होते आणि ते कोणी खोडले नव्हते. पुढे चूक दुरुस्त झाली, ते नागपूरला आले, तिथेच २२ जानेवारी १९६७ रोजी वारले. त्याच वर्षी जूनमध्ये आपण जन्मलात. यादी लिहिणारा गेला, राज्य गेले, कारण गेले, तरी यादीतले नाव हलत नाही, हा गुण आपण कोणाकडून उचललात ते मी सांगायला नको.

आपल्याला कोणी समज देत नाही असेही नाही. परराष्ट्र मंत्रालयानेच १० ऑक्टोबर २०१९ रोजी कळवले की नुसती एफआयआर असेल, तपास चालू असेल, तर ती आपली हद्द नव्हे. न्यायालयाने दखल घेतली असेल तरच. तरी पोलीस पडताळणीत एफआयआर दिसली की 'अ‍ॅडव्हर्स' शेरा पडायचा तो पडतोच. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नरेंद्र अंबवानींच्या प्रकरणात एका वर्षाच्या पासपोर्टाचा जाच कमी करायचे निर्देश दिले. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महेशकुमार अग्रवाल यांच्या प्रकरणात सांगितले, की पासपोर्ट नूतनीकरण वेगळे आणि परदेशप्रवासाची परवानगी वेगळी. फौजदारी न्यायालये प्रवासावर लगाम ठेवून नूतनीकरणाला हरकत घेत नसतील, तर पासपोर्ट कार्यालयाने आपल्या नावाने अडून बसू नये. हे सगळे निकाल मी छापून खिडकीवर नेले. गृहस्थांनी ते आदराने चाळले आणि म्हणाले, "हे त्यांच्या केसमध्ये झालंय, सर. तुमच्या केसचं काही असेल तर द्या." प्रत्येक नागरिकाने स्वतःचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल स्वतः आणायचा, ही पद्धत मला नवीन होती.

खोटे बोलायचीही सोय आपण ठेवलेली नाही. अर्जात प्रश्न असतोच, तुमच्याविरुद्ध फौजदारी खटला प्रलंबित आहे काय? मला समन्स कधी मिळाले नाही, पण घरून कळले होते, म्हणून 'होय'वर खूण केली. 'नाही' म्हटले असते आणि सापडलो असतो तर कलम १२ आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. खरे बोललो तर एफ, खोटे बोललो तर बारा. आमच्या गावात याला दोन्हीकडून मार म्हणतात, पण पासपोर्टच्या भाषेत याला नियम म्हणतात.

तेव्हा मागणे फार नाही. आपण आहात तसेच राहा. आपल्याला रद्द करा असे म्हणण्याइतका मी मोठा नाही. फक्त त्या १९९३ च्या अधिसूचनेत एक ओळ वाढवून घ्या : जो नागरिक आधीच परदेशात आहे, त्याने हजर राहण्याची लेखी हमी दिली तर त्याला किमान खटल्यापुरता, परत येण्या-जाण्यापुरता पासपोर्ट मिळावा. कमी मुदतीचा पासपोर्ट देण्याचा अधिकार आपल्याच कायद्याच्या कलम ७ मध्ये आहे, तो वापरला तरी चालेल. आणि आपले बंधू ई यांच्याकडून थोडी अक्कल उसनी घ्या. ज्या आरोपाची कमाल शिक्षाच दोन वर्षांच्या आत आहे, तो सिद्ध झाल्यावर ते अडवत नाहीत, तर सिद्ध होण्याआधी आपण कशाला अडवता? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत खटल्याचे कामकाज इलेक्ट्रॉनिक माध्यमातून चालवायची तरतूद आहे. मला व्हिडिओवर बोलवा, मी पहिल्या तारखेपासून हजर राहायला तयार आहे. पत्रे कोणी उपटले ते मलाही जाणून घ्यायचे आहे.

कलम ११ खाली मी अपील केले आहे. नामंजुरीची कारणे लेखी द्यावीत असे कलम ५ सांगते, तीही मागितली आहेत. उत्तराची वाट पाहतो.

जाता जाता माण, मारुंजी, नेरे, जांबे इथल्या वाचकांशी दोन शब्द. भाऊबंदांवर फिर्याद द्यायची वेळ आली तर द्या, तुमचा हक्क आहे. पण आरोपींची नावे सांगताना सातबारा घरी ठेवा आणि त्या सकाळी डोळ्यांनी जे पाहिलेत तेवढेच सांगा. आणि ज्यांचे कोणी परदेशात आहे त्यांनी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर घरातल्या प्रत्येकाचे नाव टाकून पाहा. काही निघाले तर पासपोर्टची मुदत संपायच्या वर्षभर आधी, माणूस सुट्टीवर घरी आलेला असताना, त्याला कोर्टात उभा करून हुकूम हातात घ्या. तो विमानात बसला की उशीर झाला.

कळावे,

आपला प्रलंबित,
माणचा एक खातेदार
तूर्त मुक्काम परदेश